दमा, लोबान आणि इब्न मैमूनचा सल्ला

आमच्या घरी दर जुमेरातीला मगरिबच्या सुमारास दादी निखाऱ्यांवर लोबान टाकायची आणि ती लोबानदानी घरभर फिरवायची. आम्हा मुलांना तो वास फार आवडायचा. फुफी मात्र त्या वेळी काही तरी काम काढून मागच्या अंगणात निघून जायची. तिला दमा आहे, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. तिचे लग्न व्हायचे होते, त्यामुळे घरात त्या शब्दाला बंदी होती. लग्न झाल्यावरही तिचा पंप ट्रंकेत कपड्यांच्या घडीत असायचा. चारचौघांत तो तोंडाला लावणे म्हणजे आपल्यात खोट आहे हे जाहीर करणे, असे तिला वाटे.

आता माझ्या मुलीला दमा आहे. नातेवाईक प्रेमाने उपाय सुचवतात. कोणी आले-मध सांगते, कोणी अडुळशाचा काढा, कोणी कलौंजी. शेवटी प्रत्येक जण एकच वाक्य जोडतो, "पण त्या पंपाची सवय लावू नका." घरगुती उपाय एका बाजूला आणि पंप दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी मी या आजाराचा इतिहास वाचू लागलो.

सुरुवात शब्दापासूनच करू. 'दमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'दम' म्हणजे श्वास. दम लागणे, दम खाणे, दम धरणे हे सारे आपण रोज बोलतो. आयुर्वेदाने याच आजाराला 'तमक श्वास' म्हटले, तर अरबी हकिमांनी 'रब्व'. याच रब्वावर साधारण 1190 च्या सुमारास कैरोजवळच्या फुस्तात शहरात एक छोटे पुस्तक लिहिले गेले. लेखक होते मूसा इब्न मैमून. युरोप त्यांना मायमोनिडीस म्हणून ओळखतो.

इब्न मैमून हे ज्यू धर्मपंडित आणि हकीम. जन्म स्पेनमधल्या कुर्तुब्याचा. मुवह्हिदी राजवटीच्या जाचामुळे त्यांच्या कुटुंबाला ते शहर सोडावे लागले. फेज, फिलिस्तीन असा प्रवास करत ते इजिप्तमध्ये स्थिरावले. तिथे सलाहुद्दीन अय्यूबीचा वजीर अल-काझी अल-फाझिल याने त्यांना आश्रय दिला आणि पुढे ते सलाहुद्दीनच्या थोरल्या मुलाचेही हकीम झाले. एका मुस्लिम राजवटीने पळवून लावलेला माणूस दुसऱ्या मुस्लिम राजवटीत दरबारी हकीम होतो आणि अरबीत ग्रंथ लिहितो. आपला इतिहास सांगताना आपण यातला एकच भाग सांगतो, कधी पहिला, कधी दुसरा. दोन्ही सांगायला हवेत.

हे पुस्तक एका बड्या असामीसाठी लिहिलेले आहे. सर्दीने सुरुवात व्हायची, मग धाप लागायची आणि कफ सुटेपर्यंत माणूस रात्रंदिवस श्वासासाठी तडफडायचा. आज कोणत्याही दवाखान्यात दम्याचा रुग्ण हेच सांगेल. तेरा प्रकरणांच्या या पुस्तकात औषधांची कृती आहे, पण बराचसा भाग रोजच्या जगण्यावर खर्च झाला आहे. काय खावे, किती खावे, जेवल्याबरोबर का झोपू नये, स्नान कधी करावे, मनाची अवस्था श्वासावर कसा परिणाम करते, राहण्याची जागा कशी असावी.

यामागे युनानी वैद्यकाची जुनी चौकट आहे. जालीनूसपासून इब्न सीनापर्यंत सर्वांनी मानलेल्या सहा अनिवार्य गोष्टी अशा : हवा, अन्नपाणी, हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, शरीरातून बाहेर पडणारे व अडून राहणारे पदार्थ, आणि मनातले विकार. हकिमाने आधी या सहा गोष्टी तपासायच्या, जालीम औषधाकडे नंतर वळायचे. शहराची हवा आणि मोकळ्या रानातली हवा यांत गढूळ आणि स्वच्छ पाण्याइतका फरक असतो, असे इब्न मैमून सांगतात. शहर सोडता येत नसेल तर निदान कडेला राहावे, वरच्या मजल्यावर, ऊन येईल अशा मोकळ्या घरात. आठशे वर्षांनंतर मुंबई-पुण्यात दम्याच्या माणसाला डॉक्टर यापेक्षा फार वेगळे काय सांगतात?

त्यांच्या काही समजुती चुकीच्या होत्या. डोक्यातला कफ खाली फुफ्फुसांत उतरतो आणि त्यामुळे दमा होतो, असे त्या काळचे वैद्यक मानत असे. आज आपल्याला माहीत आहे की दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. पण मला त्यांची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे या रोगाचा रामबाण इलाज असल्याचा दावा ते करत नाहीत. रुग्णाची प्रकृती पूर्ण जाणल्याशिवाय उपचार करू नये असे ते सांगतात आणि जबरदस्त औषधांपासून सावध करतात. व्हॉट्सॲपवर "दमा मुळापासून बरा" असा संदेश आला की मला हा जुना हकीम आठवतो.

राहणीमानात बदल करून दमा आटोक्यात आल्याचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण 1552 चे आहे. इटालियन वैद्य आणि गणिती कार्दानो याला स्कॉटलंडच्या आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या उपचारासाठी बोलावले होते. त्याने आहार, झोप, व्यायाम यांची शिस्त लावली आणि पिसांची गादी-उशी काढून टाकायला सांगितली. आर्चबिशपना आराम पडला. ॲलर्जी हा शब्द जन्माला यायला तेव्हा साडेतीनशे वर्षे अवकाश होता. कारण माहीत नव्हते, निरीक्षण मात्र उपयोगी पडले.

आता वनस्पतींकडे येऊ. इथला इतिहास मोठा बोलका आहे.

धोतऱ्याचा धूर ओढून धाप कमी करण्याची रीत आपल्या देशात जुनी. 1802 च्या सुमारास ती मद्रासहून इंग्रजांमार्फत ब्रिटनला पोहोचली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोपात 'दम्याच्या सिगारेटी' सर्रास विकल्या जात. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त अशा धुरांच्या आधारे रात्री काढत असे. धोतऱ्यात श्वासनलिका सैल करणारे द्रव्य असते, हे खरे. पण तो विषारीही आहे. मात्रा जराशी चुकली तर भ्रम होतो, माणूस दगावतोही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यातल्या ॲट्रोपिनपासून इप्राट्रोपियम तयार केले. पंपातून घेतल्यावर ते रक्तात फारसे उतरत नाही, श्वासनलिकेतच काम करते. आजही इस्पितळात तीव्र अटॅकच्या वेळी नेब्युलायझरमध्ये ते घालतात.

दुसरी वनस्पती इजिप्तची, खिल्ला. बडीशेपेच्या कुळातली. नाईलकाठचे लोक मूतखड्याच्या कळांवर तिचा काढा पीत. आवळलेले स्नायू सैल करण्याच्या तिच्या गुणाकडे विसाव्या शतकात संशोधकांचे लक्ष गेले. तिच्यातल्या खेलिन या द्रव्याच्या धर्तीवर इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत नवी संयुगे बनू लागली. तिथे रॉजर अल्तुन्यान नावाचे डॉक्टर होते. 1922 साली सीरियात जन्मलेले, अर्मेनियन-इंग्रज घराण्यातले. त्यांचे कुटुंब हलब शहरात इस्पितळ चालवत असे. त्यांना स्वतःला दमा होता. ते गिनीपिगच्या केसांपासून बनवलेला अर्क हुंगून मुद्दाम स्वतःला अटॅक आणत आणि मग नवे संयुग तो रोखते का हे पाहत. अशी शेकडो संयुगे त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःवर तपासली. 1965 मध्ये क्रोमोग्लायकेट सापडले. ही भुकटी छातीत पोहोचवण्यासाठी त्यांनी आत पंखा फिरणारे यंत्र बनवले. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते, ते ज्ञान इथे कामी आले.

आपला अडुळसाही याच वाटेने गेला. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन बनले. खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर हे नाव आढळेल. काळ्या कॉफीचेही तसेच. 1860 साली सॉल्टर या इंग्रज डॉक्टरने, जो स्वतः दमेकरी होता, आपल्या पुस्तकात कडक कॉफीची शिफारस केली. कॅफिन श्वासनलिका थोडीशी सैल करते हे पुढे सिद्ध झाले. पण थोडीशीच.

म्हणजे पंप हा घरगुती उपायांचा वैरी नाही. पंपात आणि नेब्युलायझरमध्ये जी औषधे आली, त्यांतली काही परसातल्या झाडांचीच पुढची पिढी आहे. विष वगळलेली, मोजून घेतलेली, नेमकी छातीत पोहोचणारी. मोजण्याचे महत्त्व एका आकड्यावरून कळेल. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते, 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट. तरीही लोक गोळीला 'साधी' आणि पंपाला 'जालीम' म्हणतात!

मग घरी करण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते, आणि ते इब्न मैमूनच्या सहा गोष्टींतच बसते. आम्ही घरात लोबान, अगरबत्ती आणि मच्छरची कॉईल बंद केली. ईदपूर्वीची झाडझूड आणि चुना मुलगी घरात नसताना होतो. पावसाळ्यात भिंतीला बुरशी दिसली की लगेच पुसतो. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुतो. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत नाही, पाहुणासुद्धा. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर. ती रोज चालते, सावकाश श्वासाचे व्यायाम करते. आले-मधाचा चहाही पिते, घशाला बरे वाटते म्हणून. आणि सूज आवरणारा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घेते, बरे वाटत असतानाही. त्यानंतर चूळ भरते. धाप लागली तर वापरायचा दुसरा पंप दप्तरात असतो, कपड्यांच्या घडीत नाही.

हे सारे मला फुफीच्या वेळी माहीत नव्हते. 2014 चा रमजान जुलैत आला होता, ऐन पावसात. तिचा रोजा होता. दुपारपासून धाप होती, पण पंप घेतला तर रोजा तुटेल म्हणून ती थांबली. मी तिथेच होतो. मी आले किसून मधात कालवले, इफ्तारला द्यायला. वाफेसाठी पाणी तापवले. मगरिबला तिला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते, ओठ निळसर झाले होते. आम्ही रिक्षा शोधली तोवर फार उशीर झाला होता. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

पंपाने रोजा तुटतो की नाही, यावर आलिमांत मतभेद आहेत. पुष्कळ जण म्हणतात तुटत नाही, काही म्हणतात तुटतो. पण जे तुटतो म्हणतात तेही हेच सांगतात की आजाऱ्याने रोजा सोडावा आणि नंतर भरून काढावा. सूरह बकरात आजारी आणि मुसाफिरांना ही सवलत स्पष्ट दिलेली आहे. श्वास कोंडून घ्या असे कोणीच सांगत नाही. ते आम्ही आमच्याच मनाने ठरवले होते.

तुमच्या घरात दमेकरी असेल तर रमजानच्या आधी डॉक्टरांना एकदा भेटा. सकाळ-संध्याकाळचा पंप बहुतेकदा सहरी आणि इफ्तारला बसवता येतो. आणि बोलताना वाक्य तुटू लागले, छातीच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळे दिसले, तर पंप देत देत सरळ इस्पितळ गाठा. तेव्हा काढा उकळत बसू नका.

दादीची लोबानदानी अजून आमच्या कपाटात आहे. मुलीने विचारले की मी ती काढून दाखवतो, निखारे न घालता.