डेकच्या खिळ्याचा वंश

१७६३ साली 'एचएमएस अलार्म' ही ब्रिटिश युद्धनौका वेस्ट इंडीजहून परतली आणि तिचा तळ तपासला गेला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यावर तांब्याचा पत्रा ठोकला होता. तांबे शाबूत होते, पण जागोजागी पत्रे निखळले होते, कारण त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळेच गंजून गेले होते. काही खिळे मात्र धडधाकट निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे मध्ये तसाच राहिला होता आणि तांब्याचा लोखंडाला स्पर्शच झाला नव्हता.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि लोखंडासारखा अधिक क्रियाशील धातू झिजतो. व्होल्टाची विद्युतघट यायला अजून ३७ वर्षे होती, म्हणून हे शास्त्र कोणाला ठाऊक नव्हते. तरी कारागिरांनी धडा घेतला. १७८०च्या दशकात ब्रिटिश नौदलाने पाण्याखालचे लोखंडी बोल्ट सोडून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरायला सुरुवात केली. आज अंगणात किंवा गच्चीवर लाकडी डेक बांधणारा जो खिळा निवडतो, त्याचा वंश इथून सुरू होतो, असे मी मानतो.

त्याआधी खिळा नसतानाही जहाजे समुद्र ओलांडत होतीच. अरबी समुद्रातल्या जहाजांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. होर्मुझला मार्को पोलोने त्या पाहिल्या आणि त्याला त्यांचा भरवसा वाटला नाही. मला वाटते, तो चुकला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाज भारतीय नौदलाने २०२५ मध्ये कारवारला दाखल करून घेतले आहे.

खिळ्याचा दुसरा शेजारी लाकूड. युरोपच्या ओक लाकडातले आम्ल लोखंड खाते आणि गंजलेला खिळा उलट आजूबाजूचे लाकूड कुजवतो. सागात तेल असल्याने त्यात लोखंड पुष्कळ टिकते. मुंबईच्या गोदीची कीर्ती झाली, त्यात वाड्या कुटुंबाच्या कसबाइतकाच या सागाचा वाटा होता. जमशेटजी बमनजी वाड्या यांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये तिथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे. ओकची किती जहाजे असे म्हणू शकतील?

साग महाग, जगाने स्वस्त पाइन घेतला आणि त्याला रसायन पाजले. ते रसायन आपल्याच देशातले. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण शोधले. तांबे बुरशी मारते, आर्सेनिक किडे मारते आणि क्रोमियम दोघांना लाकडात घट्ट बसवते. अमेरिकेतले असंख्य डेक याच लाकडाचे. खिळ्यांच्या दृष्टीनेही हे रसायन सौम्य होते, कारण क्रोमियममुळे गंज आटोक्यात राहत असे.

आर्सेनिकच्या भीतीने २००३च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरातून ते बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या रसायनांत क्रोमियम नव्हते आणि तांबे कितीतरी जास्त होते. साधे खिळे आणि पातळ जस्तलेप दिलेले स्क्रू भराभर गंजू लागले. 'अलार्म'च्या वेळी तांबे लाकडाच्या बाहेर पत्र्यात होते. आता ते लाकडाच्या आतच शिरले होते आणि पावसाचे पाणी उरलेले काम करत होते. २४० वर्षांपूर्वी नोंदवलेला दोष पुन्हा दारात उभा राहावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून खिळा लाकूड ठरल्यावरच निवडावा. रसायन पाजलेल्या लाकडाला वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला जाड लेपाचा खिळा किंवा स्टेनलेस स्टील घ्या. कोकणात समुद्राजवळ बांधत असाल तर मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेसच घ्या, भाव जास्त असला तरी. तुळयांच्या पट्ट्या ज्या धातूच्या, स्क्रूही त्याच धातूचे असू द्या. आणि घराच्या भिंतीला डेक जोडणारी तुळई नुसत्या खिळ्यांवर कधीच टांगू नका, कारण माणसांची गर्दी झाली की खिळे उपसून येतात. तिथे आरपार बोल्टच लावा.