खूण दिसली नाही, म्हणजे काय? परळचा रक्तगट आणि जठराच्या कर्करोगाचे भाकीत

१/
मे १९५२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. परळचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे मुंबई व लंडन येथील सहकारी यांनी त्यात एका विलक्षण रक्ताची नोंद केली होती. हे रक्त ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणत्याच गटात बसत नव्हते. पुढे जगाने त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हटले. जठराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही. परंतु त्या रोगाचे भाकीत वर्तवणाऱ्या रेणवीय खुणा, म्हणजेच ‘मार्कर’, कशा वाचाव्यात याचा पहिला धडा याच शोधात आहे.

२/
या शोधाला परळची पार्श्वभूमी होती. १९२६ मध्ये गिरणगावाच्या वस्तीत सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याच परिसरात टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले आणि जी. एस.मध्ये विकृतिशास्त्र शिकवणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्यांनी एल. डी. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास १९४९-५० मध्ये प्रसिद्ध केला. रक्तगट हे त्यांतलेच एक लक्षण. रोगाकडे पाहताना माणसामाणसांतील आनुवंशिक भेद मोजण्याची सवय या परिसराला तेव्हाच लागली होती.

३/
रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवर असलेली शर्करांची खूण. तिच्या पायाला ‘एच’ म्हणतात. त्या पायावर एक शर्करा जोडली गेली की ‘ए’, दुसरी जोडली गेली की ‘बी’. काहीच जोडले गेले नाही तर ‘ओ’. बॉम्बे गटात हा पायाच नसतो. नेहमीच्या चाचणीत अशा पेशींवर ए दिसत नाही आणि बीही दिसत नाही, म्हणून रक्त ‘ओ’ भासते. त्या समजुतीने ‘ओ’ रक्त चढवले, तर रुग्णाची प्रतिपिंडे त्या पेशी फोडतात आणि प्रसंग जिवावर बेततो. चाचणीने ए आणि बी यांविषयीच विचारले होते. एच आहे का, हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

४/
याच शर्करा जठराच्या अस्तरावरील श्लेष्मातही आढळतात. १९५३ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक इयन एअर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले की, जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांत ए गटाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आहे. पुढील अभ्यासांनी हा वाढीव धोका ओ गटाच्या तुलनेत सुमारे एकपंचमांश असल्याचे दाखवले. कर्करोगाचे नाते आनुवंशिक खुणेशी जोडणारे हे आरंभीचे संशोधन होय.

५/
येथे तीन प्रश्न वेगळे करावे लागतात. रोग कोणाला होण्याचा संभव अधिक? झालेला रोग पुढे कसा वागेल? आणि कोणते औषध लागू पडेल? ए गटाने पहिल्याच प्रश्नाचे, तेही पुसटसे, उत्तर दिले होते. ए गटाच्या बहुसंख्य व्यक्तींना हा रोग कधीच होत नाही. मार्करांचा पुढचा इतिहास हा दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाच्या शोधाचा इतिहास आहे.

६/
१९६५ मध्ये फिनलंडचे विकृतिशास्त्रज्ञ पेक्का लॉरेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार वेगळे केले. एकात पेशी आतड्यातील ग्रंथींसारखी रचना करतात. दुसऱ्यात त्या एकमेकींना सोडून विखुरतात. हा दुसरा प्रकार अधिक घातक ठरतो. पेशी का विखुरतात, याचे एक उत्तर १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुळाच्या अभ्यासातून मिळाले. पेशींना परस्परांशी जखडून ठेवणाऱ्या ‘ई-कॅडहेरिन’ या प्रथिनाचे जनुक त्या कुळात बिघडलेले होते. डोळ्यांना दिसलेल्या भेदामागचा रेणू असा हाती आला.

७/
दरम्यान, रक्तगटाची शर्करा पुन्हा समोर आली होती. १९७९ मध्ये अमेरिकेत हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटाने कर्करोगपेशी ओळखणारी प्रतिपिंडे तयार केली. त्यांपैकी एकाने ओळखलेली खूण आज ‘सीए १९-९’ म्हणून रक्तात तपासली जाते. ही खूण ‘लुईस’ या रक्तगटाच्याच शर्करेचे बदललेले रूप आहे, हे काही वर्षांत सिद्ध झाले. जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी तिचे प्रमाण वाढलेले असेल, तर पुढील वाटचाल बहुधा खडतर असते.

८/
परंतु काही व्यक्तींत ‘लुईस’ शर्करा तयारच होत नाही. अशा रुग्णाचा कर्करोग पसरला, तरी सीए १९-९ चा आकडा ‘सामान्य’ राहू शकतो. परळच्या त्या ‘ओ’ भासणाऱ्या रक्ताचीच ही दुसरी आवृत्ती. खूण दिसत नाही, कारण ती घडवण्याची सोयच त्या शरीरात नाही.

९/
तिसऱ्या प्रश्नाचे ठोस उत्तर २०१० मध्ये मिळाले. ‘टोगा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ‘हर-२’ प्रथिन अधिक असलेल्या ५९४ प्रगत रुग्णांचा अभ्यास झाला. केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक जीवनकाल ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला. वाढ पावणेतीन महिन्यांची. पण खुणेवरून औषध निवडता येते, हे या रोगात सिद्ध झाले. येथेही एक मेख आहे. जठराच्या गाठीत हर-२ सर्वत्र सारखे नसते. एकच तुकडा तपासला आणि तो नेमका हर-२ नसलेल्या भागातला निघाला, तर योग्य औषध हुकते. म्हणूनच गाठीचे अनेक तुकडे घेण्याचा आग्रह धरला जातो.

१०/
२०१४ मध्ये ‘कॅन्सर जीनोम अॅटलस’ प्रकल्पाने २९५ गाठींच्या अभ्यासातून या रोगाचे चार रेणवीय प्रकार मांडले. त्यांपैकी एकात डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झालेली असते. शस्त्रक्रिया शक्य असलेल्या टप्प्यावर या रुग्णांचे भवितव्य तुलनेने बरे असते, परंतु नेहमीच्या केमोथेरपीचा त्यांना फारसा लाभ होत नसावा, असे संकेत पुढील अभ्यासांनी दिले. एकच खूण दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे देते.

११/
आता प्रश्न उरतो तो लोकसमूहांचा. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. अशा नोंदण्यांतूनच दिसले की, जठराचा कर्करोग मुंबईपेक्षा चेन्नईत अधिक आणि मिझोरममध्ये त्याहून कितीतरी अधिक आहे. एकाच देशात एवढी तफावत असेल, तर परदेशातील रुग्णांवर ठरलेल्या खुणा येथे तशाच लागू होतील, हे गृहीत धरता येत नाही. त्या येथील रुग्णांवर पारखून घ्याव्या लागतात. समाजगटांचे भेद मोजणाऱ्या खानोलकर-संघवी यांच्या कामाचे मोल येथे कळते.

१२/
टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांतले कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्महिने राहतात. त्यांच्या हातातील अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढाच एक शब्द असतो आणि सारे कुटुंब त्यात भविष्य शोधते. तो शब्द अनेक रुग्णांच्या अनुभवाची सरासरी सांगतो. समोरच्या एका माणसाचे विधिलिखित सांगत नाही. आणि ‘निगेटिव्ह’ वाचताना एक प्रश्न विचारावाच लागतो: खूण खरोखरच नाही, की ती दिसेल अशी तपासणीच झालेली नाही? परळमध्ये १९५२ साली हा प्रश्न विचारला गेला, म्हणून ‘ओ’ समजल्या गेलेल्या रुग्णांचे प्राण वाचू लागले.