श्रावणातल्या एकादशीला मासे

साल 1840. गाव एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि तुम्ही उभे आहात शहराच्या दक्षिणेला, ताकानावाच्या किनाऱ्यावर. जपानी पंचांगातल्या सातव्या महिन्याची सव्विसावी रात्र आहे. आपल्या हिशेबाने ही श्रावण वद्य एकादशी येते, तेव्हा घरी सांगून निघाला नसाल तर उत्तमच. आणखी एक पथ्य पाळा: तोंड उघडू नका. परक्यांना या देशात मज्जाव आहे. डच आणि चिनी व्यापाऱ्यांना काय ती दूर नागासाकीत जागा दिलेली. परदेशी जहाज दिसलं की हाकलून लावा, असा हुकूमच 1825 साली निघालाय. डोक्याला पंचा गुंडाळा आणि गर्दीत मिसळा.

गर्दीला तोटा नाही. आज चंद्रकोर उगवणार मध्यरात्र उलटून गेल्यावर, आणि तिच्या प्रकाशात अमिदा बुद्ध दोन बोधिसत्त्वांसह दर्शन देतो अशी श्रद्धा. त्याला अजून कितीतरी तास आहेत. तोवर भाविकांनी करायचं काय? खायचं! रस्त्याच्या एका अंगाला चहाची घरं, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र, आणि पाण्याच्या कडेकडेने खाण्याच्या गाड्या, कागदी कंदील लावलेल्या. हिरोशिगे या चित्रकाराने इथली हीच रात्र रंगवली आहे. त्यात सोबा नावाच्या शेवया, टेंपुरा, सुशी अशा गाड्या ओळीने मांडलेल्या दिसतात.

कमरेची पिशवी चाचपा. चार मोनचं नाणं हाताला लागेल: मधे चौकोनी भोक, पाठीवर लाटा कोरलेल्या. इथले भाव या नाण्याच्या पटीत चालतात. सोब्याचा वाडगा सोळा मोन, म्हणजे चार नाणी. टेंपुरा त्याहून स्वस्त; काडीला टोचलेला, समोरच्या सामाईक वाडग्यात बुडवून खायचा. लाकडी घरांचं शहर, आगीची सतत धास्ती, म्हणून तळणीचं काम उघड्यावर. ही तळणीची रीत पोर्तुगीजांबरोबर आली म्हणतात, आणि त्यांची जहाजं गोव्याहूनच इकडे येत. पण टेंपुऱ्यावर पोट भरू नका.

सुशीच्या गाडीपाशी या. लाकडी फळीवर तयार घास मांडून ठेवलेत, बहुतेक आठ मोनला एक. अंड्याची गुंडाळी मात्र सोळाला. माशापेक्षा अंडं महाग. आधी भाताकडे बघा. पांढराशुभ्र नाही, तांबूस आहे. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्याने 1804 च्या सुमारास साकेच्या उरलेल्या चोथ्यापासून शिर्का काढायला सुरुवात केली. तो स्वस्त पडतो आणि भाताला रंग देतो. पूर्वी भातात मासा दाबून महिनोन् महिने आंबवत. पुढे पेटीत दाबायची पद्धत आली. मुठीत भात दाबून तिथल्या तिथे हातावर ठेवायची चाल अगदी अलीकडची, वीसेक वर्षांतली. तिचं श्रेय र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेई या सुशीवाल्याला देतात. घाईत असलेल्या दहा लाख माणसांच्या शहराला दुसरं काय परवडणार? हा इथला वडापाव आहे.

तुम्ही बिचकलात ते कच्च्या माशाला, ठाऊक आहे. पण फळी नीट न्याहाळा. कोळंबी उकडलेली. वाम गोडसर रसात शिजवलेली. कुपा, म्हणजे ट्यूना, सोया सॉसमध्ये मुरवलेला. या गाडीवर बर्फ नाही, आणि सकाळी निहोनबाशीच्या बाजारातून उचललेला माल भर उन्हाळ्यात रात्रीपर्यंत टिकवायचाय. म्हणून जवळजवळ प्रत्येक तुकड्याला मीठ, आंबट नाहीतर आच लागलेली आहे. जपानी लोक मासे कच्चेच खातात, असं आपल्याकडे मोठ्या खात्रीने सांगणाऱ्यांना एकदा या गाडीपुढे उभं करायला हवं.

कोहादा उचला. तारलीच्या चणीचा मासा, चंदेरी कातडीवर काळे ठिपके. मीठ लावून ठेवलेला, मग धुऊन शिर्क्यात टाकलेला. घास आजच्या सुशीच्या दुप्पट तरी आहे, दोनदा चावूनच संपेल. आधी खारटपणा लागतो, मग आंबटाची चुणूक, आणि भात चावता चावता माशाचं तेल जिभेवर उतरतं. खारवलेल्या माशांवर वाढलेल्या कोकणी माणसाला यात परकं काहीच वाटू नये.

बोटं चिकट झाली? गाडीला लटकणाऱ्या पडद्याला पुसा, सगळे पुसतात. ज्याचा पडदा सर्वांत मळका त्याचा माल सर्वांत चांगला, असं म्हणतात. कुप्याच्या पोटाचा चरबीदार भाग मागू नका, हसतील. त्यात सोया मुरत नाही, तो लवकर नासतो, म्हणून फेकून देतात. आज टोकियोत त्याच भागाला सर्वांत जास्त दाम पडतो.

उंची सुशीची दुकानंही शहरात आहेत, पण त्यांचे दिवस वाईट येताहेत. येत्या दोन वर्षांत सरकार काटकसरीचे हुकूम काढणार आणि महाग सुशी विकणाऱ्यांना पकडणार. तुमच्या आठ मोनच्या घासाला कोण विचारतो! खा निवांत.

जागा मात्र लक्षात ठेवा, कारण समुद्र इथे राहणार नाही. 1872 मध्ये जपानची पहिली रेल्वे याच किनाऱ्यालगत, पाण्यात बांध घालून धावली. नंतर सगळीकडे भराव पडला. 2019 मध्ये बांधकामाच्या वेळी तो बांध जमिनीखाली सापडला, आणि 2020 मध्ये शेजारीच ताकानावा गेटवे स्थानक सुरू झालं. टोकियोला गेलात तर तिथे उतरा. शहराच्या जुन्या वेशीचा दगडी चौथरा रस्त्याच्या कडेला अजून आहे. आणि सुशीच्या दुकानात शिरलात की महागड्या पोटाच्या तुकड्याआधी कोहादा मागवा. तो आजही मीठ लावून, शिर्क्यात टाकूनच देतात.