परळचे रक्तदप्तर

परळच्या जुन्या राजभवनात १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले, पुढे लाटसाहेबांचा मुक्काम मलबार टेकडीवर कायमचा हलला, आणि एका रोगाने रिकामी केलेली ती प्रशस्त वास्तू दुसऱ्या रोगाच्या कामी आली; १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग-संशोधनशाळा तेथे स्थिरावली. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केल्यापासून या शहरातील प्रजेच्या देहाची मोजदाद हा सरकारी कामकाजाचा भाग झाला होता, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने त्या मोजदादीला हुकुमाचे बळ दिले होते. घरे तपासली जात, माणसे विलग केली जात, नोंदी दप्तरात जमा होत. परंतु ज्याच्या देहाची ती नोंद, त्याने ती वाचावी किंवा तिचा अर्थ विचारावा, अशी अपेक्षा कोणीही केली नाही.

हाफकिनच्या शेजारीच १९२६ साली केईएम रुग्णालय उघडले, आणि तेथेच डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये असे रक्त जगापुढे ठेवले की जे प्रचलित चाचणीत ‘ओ’ भासे, पण ‘ओ’ गटाचे रक्त मात्र त्याला चालत नसे. ‘बॉम्बे ब्लडग्रुप’ या नावाने ते जगभर पाठ्यपुस्तकांत गेले. चाचणीचे उत्तर आपण काय विचारतो यावर अवलंबून असते, हा धडा परळला अशा रीतीने फार लवकर मिळाला होता; तो पुढे कितपत लक्षात राहिला, हा प्रश्न वेगळा.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाला एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्ती आढळल्या, आणि त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे मुंबईच्या सामान्य माणसाला एचआयव्हीसाठीच्या रक्ततपासणीच्या अहवालात एकच गोष्ट वाचता येत होती, ती म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’. उपचार नव्हता, किंवा होता तो श्रीमंतांच्याही आवाक्याबाहेरचा. त्यामुळे त्या कागदाचा उपयोग रुग्णापेक्षा त्याच्या मालकाला अधिक होई. एका सार्वजनिक कंपनीने अशाच अहवालाच्या आधारे एका हंगामी कामगाराला कामावरून दूर ठेवले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली असा निर्वाळा दिला की, जो मनुष्य काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याची रोजी केवळ रक्ताच्या दाखल्यावरून हिरावता येणार नाही. शिवाय त्याचे नाव दप्तरी उघड न करता, अक्षरांच्या आडोशाने दावा चालविण्याची मुभाही दिली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेला जागा मिळाली ती वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात, म्हणजे १८९० साली निराश्रित महारोग्यांसाठी उभारलेल्या आश्रयस्थानात. ज्यांना गाव ठेवून घेत नाही त्यांच्यासाठी या शहराने एकाच कोपऱ्यात जागा राखून ठेवली होती की काय, असे क्षणभर वाटून जाते.

२००१ च्या फेब्रुवारीत मुंबई सेंट्रलच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा मिश्र उपचार एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. परदेशी कंपन्यांचे तेच औषध तेव्हा दहा हजार डॉलरांच्या आसपास पडत असे. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत उपचार सुरू केला, तेव्हा आरंभीच्या मोजक्या रुग्णालयांत भायखळ्याचे जे. जे. होते; पुढे केईएम, नायर व शीव येथेही एआरटी, म्हणजे या उपचाराची, केंद्रे आली. आणि येथूनच रुग्णाच्या हाती ‘ग्रीन बुक’ ही उपचाराची नोंदवही आली, सीडीफोर हा शब्द लालबागच्या चाळीतल्या माणसाच्या तोंडी बसला, आणि ‘काउंट किती आला?’ हा प्रश्न केंद्राच्या बाकावर बसलेली दोन अनोळखी माणसे एकमेकांना हलक्या आवाजात विचारू लागली.

सीडीफोर म्हणजे रोगप्रतिकाराचा कारभार चालविणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक जात. निरोगी प्रौढात रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २००४ साली औषधाचा दरवाजा प्रायः २०० च्या खाली उघडत असे. अन्य गंभीर आजार नसलेल्या ज्याचा काउंट २४० आला त्याला सांगण्यात येई की, सहा महिन्यांनी या. पुढील सात-आठ वर्षांत हा उंबरठा ३५० वर गेला, २०१६ मध्ये ५०० वर, आणि २०१७ मध्ये तो काढूनच टाकला. लागण निश्चित झाली की काउंट काहीही असो, गोळ्या सुरू. शरीर तेच, विषाणू तोच, आकडाही तोच. पण २००४ चे २४० म्हणजे प्रतीक्षा आणि २०१७ चे २४० म्हणजे विलंब झाला अशी हळहळ. लवकर उपचाराचा लाभ संशोधनाने सिद्ध होत गेला हे खरे, तथापि औषध स्वस्त होत गेले आणि खजिन्याची ऐपत वाढत गेली, हेही तितकेच खरे. रक्तातील आकडा शरीर देते. त्याचा अर्थ मात्र साल, औषध आणि तिजोरी यांनी मिळून ठरविला, असे माझे मत आहे.

त्या उंबरठ्याच्या काळात माणसे दहा-वीस पेशींच्या घसरणीने रात्र रात्र जागत. वस्तुतः काउंट सकाळी कमी व सायंकाळी जास्त असतो. ताप, क्षय, साधे पडसेही त्याला खाली ओढते. आणि दोन तपासण्यांतील तीस टक्क्यांपर्यंतचा फरक पुष्कळदा स्वाभाविक असतो. समुद्राच्या पाण्यासारखा तो हलतो. एका लाटेवरून भरती-ओहोटी ठरवू नये, तीन-चार अहवाल तारखेनिशी शेजारी ठेवून पाहावे. एकच प्रयोगशाळा आणि शक्य तर एकच वेळ ठेवली, तर ही तुलना अधिक विश्वासार्ह होते.

मग ‘लोड’ आला. रक्तातील विषाणूच थेट मोजणारी ही तपासणी सरकारी केंद्रांत प्रारंभी दुसऱ्या फळीच्या औषधांचा निर्णय करण्यापुरतीच होती. २०१८ पासून ती सर्वांसाठी नियमित झाली. येथील गणित पटींचे आहे. दहा हजारांवरून एक हजारावर येणे ही दहापट घट. पण तीनशेचे पाचशे होणे हा बहुधा यंत्राच्या आवाक्यातील चढउतार. हजाराच्या खाली लोड दाबलेला मानतात. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असा शेरा आला म्हणजे विषाणू यंत्राच्या नजरेआड गेला, शरीरातून गेला नाही, म्हणून गोळी चालूच ठेवायची. मात्र लोड असा टिकून राहिलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता निर्विवाद झाले आहे. लोड दबलेला आणि काउंट ३५० च्या वर स्थिर असला की काउंट वरचेवर मोजण्याची निकड उरत नाही. ज्याने एके काळी जीवनमरणाचा निवाडा केला तो आकडा अशा रीतीने मानाने मागे सरला.

उरल्या त्या साध्या वाटणाऱ्या तपासण्या, आणि त्यांतही औषधांचा इतिहास उमटलेला दिसतो. झिडोव्हुडिनच्या काळात डॉक्टरांची नजर प्रथम हिमोग्लोबिनवर जाई, कारण ते औषध रक्तनिर्मिती मंदावते. नेव्हिरापिनच्या काळात एसजीपीटीवर, कारण भीती यकृताची. टेनोफोव्हिर आल्यापासून क्रिएटिनिनवर, कारण भार मूत्रपिंडाचा. २००४ साली तिशीत औषध सुरू केलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांच्या वहीत साखर व कोलेस्टेरॉल यांचे रकाने गिरगावातील कोणाही समवयस्काच्या वहीइतकेच भरलेले असतात. त्यांच्या हल्लीच्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर असते. यांतील तिसरे औषध पहिल्या काही आठवड्यांतच क्रिएटिनिन किंचित वाढविते, मूत्रपिंडाला इजा न करता, केवळ क्रिएटिनिनचा बाहेर पडण्याचा मार्ग थोडा आवळून. ही वाढ लवकर होते आणि एका पातळीवर थांबते. जी थांबत नाही, महिन्यामागून महिने चढतच जाते, ती टेनोफोव्हिरची असू शकते, आणि तीच डॉक्टरांना दाखवायची.