एफ्. एम्. ध्वनीची शुद्धता : बी. बी. सी.च्या इतिहासातील एक प्रश्न

जुना सदृश (ॲनालॉग) एफ्. एम्. ट्यूनर संगीताचा नाद अखंड स्वरूपात देतो, तर अंकीय (डिजिटल) साधने त्याचे तुकडे करून तो कोरडा करतात, अशी समजूत ध्वनिरसिकांत दृढ आहे. ब्रिटनमधील नभोवाणीचा इतिहास पाहिला असता ही समजूत टिकत नाही.

एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ साली अमेरिकेत एफ्. एम्.ची पेटंटे मिळाली. वातावरणातील खरखर टाळणे हा त्यांचा मूळ हेतू होता. ध्वनीची समृद्धी हा त्याबरोबर आलेला लाभ होय. बी. बी. सी.ने २ मे १९५५ रोजी केंटमधील रूटम येथून हे प्रक्षेपण सुरू केले आणि १९६६ साली त्यास नियमित स्टीरिओची जोड दिली. अडचण प्रक्षेपकात नव्हती, तेथवर जाणाऱ्या मार्गात होती. लंडनहून दूरच्या केंद्रांकडे जाणाऱ्या तारांवर उच्च स्वर क्षीण होत; शिवाय स्टीरिओसाठी दोन मार्ग तंतोतंत सारखे ठेवणे जवळजवळ अशक्यच होते.

त्यावर १९७२ पासून योजलेला उपाय अंकीय होता. ध्वनीचे दर सेकंदास ३२,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना १३ बिटांत, म्हणजे ८,१९२ पातळ्यांपैकी एका पातळीत, मांडला जाई. वाटेतील केंद्रांवर हे स्पंद नव्याने घडविता येत असल्याने अंतराबरोबर दोष साचत नसे. प्रक्षेपकापाशी पुन्हा सदृश ध्वनी तयार होई व तोच श्रोत्याच्या ट्यूनरपर्यंत पोहोचे. अर्थात सत्तरच्या दशकात ज्या ट्यूनरांची थोरवी गायिली गेली, त्यांतून ब्रिटिश श्रोता बव्हंशी अंकीय मार्गाने आलेलेच संगीत ऐकत होता. कानाला ते कळले नाही, ही गोष्ट कानाच्या साक्षीवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मग अंकीय नभोवाणीविषयीची तक्रार निव्वळ भ्रम ठरते काय? तसेही नाही. वरील पद्धतीत स्टीरिओच्या दोन मार्गांस मिळून सेकंदास ८,३२,००० बिट लागत. १९९५ साली बी. बी. सी.ने सुरू केलेल्या डी. ए. बी. पद्धतीत पुढे अनेक स्टीरिओ कार्यक्रमांना अवघे १,२८,००० बिट मिळाले. कानाला जाणवणार नाही असा मानलेला अंश गाळूनच ही काटकसर साधते. त्यामुळे या दोन संख्यांची थेट तुलना करणे गैर होईल. तथापि गाळणी फार बारीक झाली की टाळ्यांचा कडकडाट आणि तंतुवाद्यांचा समूह विस्कटतो, हे मान्य करावे लागते.

या ऱ्हासाचे कारण तंत्रात नसून वाटपात आहे. एकाच कंप्रतापट्ट्यात अधिक कार्यक्रम बसविण्याच्या धोरणाने प्रत्येकाचा वाटा आक्रसला. २००६ साली अभिजात संगीताच्या रेडिओ ३ या कार्यक्रमाचा वाटा १,९२,००० वरून १,६०,००० बिटांवर आणला गेला, तेव्हा श्रोत्यांनी तीव्र निषेध नोंदविला आणि पूर्वीचा वाटा परत मिळविला.