शर्यतीतून पुरात आलेलं यंत्र

मे महिना सरत आला की बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या धरणावर मान्सूनपूर्व रंगीत तालीम होते. रबरी बोटी पंपाने फुगवतात, पथकातली मुलं नारिंगी लाइफ जॅकेटं चढवतात आणि दोघं जण एक जड यंत्र उचलून बोटीच्या मागच्या फळीला अडकवतात. दोन स्क्रू आवळायचे, पेट्रोलची नळी जोडायची, दोरीला हिसका द्यायचा. पहिल्या हिसक्याला ते क्वचितच ऐकतं. तिसऱ्या-चौथ्याला निळसर धूर सोडत गुरगुरू लागतं. पथकात त्याला ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर: बोटीच्या पोटात न बसता बाहेर टांगलेलं, काढता-घालता येणारं इंजिन. आपत्ती व्यवस्थापनाच्या साहित्ययादीत दोर, टॉर्च आणि लाइफबॉय यांच्या जोडीला त्याचं नाव असतं, म्हणून ते अशा कामासाठीच जन्माला आलं असावं असं वाटतं. त्याचं कूळ मात्र सहलीचं आणि शर्यतीचं आहे. पुराच्या बोटीत आज जे कामाला येतं, त्यातलं बरंचसं वेगाच्या हौसेपायी घडलं, आणि बोटीचे धोकेही त्या हौसेनेच आधी ओळखून ठेवले.

बुलढाण्याला इंजिनाच्या बोटीची ओळख तशी उशिराची. पैनगंगा याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या रांगेत उगम पावते. घाटाखालून पूर्णा तापीकडे जाते, घाटावर खडकपूर्णा वाहते. पण वर्षातले कितीतरी महिने या नद्या माणूस पायी पार करतो. धरणं झाली तेव्हा पाणी साचून राहू लागलं आणि मागोमाग रेतीच्या बोटी आल्या. देऊळगाव राजाकडच्या खडकपूर्णा जलाशयात डिझेल इंजिनाच्या बोटींनी चोरून रेती उपसायची आणि महसूलच्या पथकाने त्या पकडून स्फोटकांनी उडवायच्या, हा प्रकार अलीकडे बातम्यांत वारंवार आला. इंजिनाच्या बोटीची दुसरी ओळख पुरात होते. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा पाऊस कोसळला, की सातपुड्यातून उतरणारे नदी-नाले एकदमच फुगले आणि काथरगावसारख्या गावांना पाण्याने वेढलं. अशा पाण्यात वल्हं मारणाऱ्याचा जोर प्रवाहापुढे टिकत नाही. तिथे ओबीएम लागतं.

या यंत्राचा पहिला पूर्वज पॅरिसमधला. गुस्ताव त्रूव्हे या कारागीर-संशोधकाने मे १८८१ मध्ये सेन नदीत एक छोटी बोट विजेवर चालवून दाखवली. मोटर आणि पंखा त्याने सुकाणूलाच जोडले होते, त्यामुळे सगळा सरंजाम एकत्र उचलून दुसऱ्या बोटीला लावता येई. वेग नोंदला गेला तो दोन आकड्यांत: प्रवाहाविरुद्ध सेकंदाला १ मीटर, प्रवाहासोबत २.५ मीटर. नदीवर इंजिन चालवणाऱ्याला आजही हेच दोन आकडे आधी मांडावे लागतात, कारण जाताना आणि येताना बोट तीच असली तरी नदी वेगळी असते. पाच वर्षांनी, १८८६ मध्ये, जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी नेकार नदीत पेट्रोलची बोट उतरवली. पेट्रोलचा भडका उडेल या भीतीने लोक जवळ येईनात. तेव्हा डाइमलरने बोटीच्या कडेने तारा आणि चिनी मातीच्या विद्युतरोधक चिमण्या लावल्या आणि बोट विजेवर चालते असं भासवलं, अशी हकीकत सांगतात.

हे कूळ खऱ्या अर्थाने वाढवलं ते नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला वाढलेल्या ओले एव्हिनरूडने. त्याची गोष्ट तिकडे लोककथेसारखी सांगितली जाते. तळ्याकाठच्या सहलीत बेस नावाच्या मैत्रिणीला आइस्क्रीम हवं झालं. ओले वल्हं मारत पलीकडच्या काठाला गेला आणि परत येईपर्यंत उन्हात आइस्क्रीमचं पाणी झालं. पुढे बेसशी त्याचं लग्न झालं आणि १९०९ मध्ये त्याचं इंजिन तयार झालं. ते पाहून हे तर कॉफी दळायचं यंत्र दिसतंय, असं ती म्हणाल्याचं सांगतात. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. एका मित्राने ते वापरायला नेलं आणि येताना दहा ऑर्डरी आणल्या. जाहिरात बेसने लिहिली. तिचा मथितार्थ एवढाच, की वल्ही फेकून द्या. हे इंजिन चालू करायचं तर वरच्या जड चाकावरची मूठ धरून ते गरकन फिरवावं लागे, आणि चाक उलटं फिरलं की बोटांची सालटी निघत. दोरी ओढून इंजिन चालू करण्याची सोय पुढे आली.

दीड अश्वशक्तीत मासे धरता येत होते, शर्यत लावता येत नव्हती. मोठ्या इंजिनांच्या बोटींची हौस मात्र सुरू झाली होती. १९०३ मध्ये आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला हार्म्सवर्थ चषकाची पहिली शर्यत झाली आणि ताशी साडेएकोणीस मैलांची बोट जिंकली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही मोटरबोटींचे तीन प्रकार होते. वाऱ्या-वादळात तिन्ही प्रकारांत एकेकच बोट शर्यत पुरी करू शकली. हा खेळ पुन्हा ऑलिंपिकमध्ये आला नाही.

छोट्या बोटींचा खरा बहर १९२० नंतरचा. अॅल्युमिनियममुळे इंजिनं हलकी झाली आणि दोन सिलिंडरमुळे त्यांचा धक्का कमी झाला. जॉन्सन बंधूंनी ती उथळ पाण्यात वर उचलता येतील अशी केली. १९२६ च्या त्यांच्या सहा अश्वशक्तीच्या ‘बिग ट्विन’ने बोट ताशी सोळा मैलांपुढे नेली आणि सामान्य माणसाच्या छोट्या बोटीला एक नवी चाल आली. संथ बोट पाणी बाजूला ढकलत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकून पडते. पुरेसा जोर मिळाला की ती त्या लाटेवर चढते, नाक खाली येतं, तळाचा थोडासाच भाग पाण्याला टेकतो आणि वेग एकदम वाढतो. शर्यतीची नशा याच क्षणात आहे. चालकाला गुडघ्यांखाली पाणी कठीण झाल्यासारखं लागतं, कारण त्या वेगाला प्रत्येक लाट ठोसा देते. १९३० च्या दशकात हडसन नदीवर ऑल्बनीपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे १३० मैलांची आउटबोर्ड बोटींची शर्यत होई. चालक फळकुटासारख्या बोटीत गुडघ्यांवर बसत. मोठ्या जहाजांच्या लाटा आणि वाहत येणारी लाकडं यांतून त्यांना वाट काढावी लागे.

वाहत्या लाकडाचं भय किती खरं आहे हे १३ जून १९३० ला दिसलं. इंग्लंडच्या विंडरमियर तळ्यात सर हेन्री सेग्रेव्ह यांनी ‘मिस इंग्लंड २’ या बोटीतून ताशी ९८.७६ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी पुढच्या फेरीत बोट उलटली. त्यात सेग्रेव्ह आणि इंजिनिअर व्हिक्टर हॅलिवेल यांचा जीव गेला. बोट पाण्यातल्या ओंडक्यावर आदळली असावी, असा निष्कर्ष निघाला. ती प्रचंड इंजिनाची बोट होती, पण लाकूड छोट्या-मोठ्या बोटीत भेद करत नाही.

वेगाच्या बोटीचे बाकीचे धोकेही शर्यतीतच एकेक करून कळले. नाक जास्त वर आलं की खाली हवा शिरते आणि बोट पतंगासारखी उचलून मागे उलटते. वळणावर तळाची कड पाण्यात रुतली की बोट जागीच गिरकी घेते आणि चालक बाहेर फेकला जातो. त्याच्याविना इंजिन चालूच राहिलं तर बोट गोल फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येते. यावरचा उपाय एका दोरीचा आहे. दोरीचं एक टोक चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला, दुसरं इंजिनाच्या स्विचला. माणूस पडला की स्विच निघतो आणि पंखा थांबतो. शर्यतीत सक्तीची झालेली ही दोरी अमेरिकेने २६ फुटांखालच्या बोटींच्या चालकांना १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक केली. धडा आणि कायदा यांत इतकं अंतर पडलं.

त्याआधी, विसाव्या शतकाच्या मध्यावर, कुळाच्या दोन शाखा फुटल्या होत्या. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांच्या मेंढपाळीच्या मुलखात नद्या वेगवान, पण गुडघाभर पाण्याच्या. तिथे पंखा दगडावर आपटे. १९५३-५४ च्या सुमारास त्यांनी पंखा बोटीच्या आत नेला आणि पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी जेट बोट बनवली. अशाच ‘गंगा’, ‘कीवी’ आणि ‘एअर इंडिया’ नावाच्या तीन बोटी घेऊन एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगासागरहून प्रवाहाविरुद्ध निघाले आणि नंदप्रयागच्या धबधब्यापर्यंत पोचले. दुसरी शाखा बचावाची. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनने १९६३ मध्ये आउटबोर्ड लावलेल्या हवाभरल्या बोटी किनाऱ्यालगतच्या बचावासाठी घेतल्या. आपल्याकडच्या नारिंगी बोटी याच शाखेतल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय दल उभं राहिलं, पुढे महाराष्ट्राचं धुळे आणि नागपूर इथलं राज्य दल आलं, आणि त्यांच्या हाती हे यंत्र आलं.

शर्यतही भारतात आली. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोट शर्यती झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रात बोटींच्या फॉर्म्युला वनची फेरी झाली. जेमतेम चारशे किलोंची बोट, मागे ४०० अश्वशक्तीचं आउटबोर्ड आणि दोन-तीन सेकंदांत ताशी १०० किलोमीटर! नऊ महिन्यांनी, ८ ऑगस्ट २०१९ ला, याच कृष्णेच्या वरच्या अंगाला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. बोटीत तिच्या कुवतीपेक्षा फार जास्त माणसं होती आणि पंखा पाण्याखालच्या फांद्यांत अडकल्याचं सांगितलं गेलं. मे २०२४ मध्ये प्रवरेत अकोले तालुक्यातल्या सुगावला बुडालेल्याचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट भोवऱ्यात उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्यात १५ बळी गेले.

शर्यतीत ओंडका, लाट आणि वळण चालकाने पत्करलेले असतात. छपरावर अडकलेल्या बाईने आणि तिच्या लेकराने काहीच पत्करलेलं नसतं. म्हणून पुराच्या बोटीला शर्यतीचा वेग फारसा लागत नाही, शर्यतवाल्याचा हात मात्र लागतो. पूर्णेच्या पुरात पाण्याखाली बाभळी, तारेची कुंपणं, तुषार सिंचनाचे पाइप आणि विजेच्या तारा असतात. पंखा कुठे वर उचलायचा, हे पाण्याच्या सुरकुत्यांवरून ओळखावं लागतं. माणसापाशी जाताना नाक प्रवाहाकडे ठेवून खालच्या बाजूने हळू चढायचं असतं, म्हणजे इंजिन मध्येच बंद पडलं तरी बोट त्याच्या अंगावर जात नाही. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे खाली उलटा भोवरा होतो. तिथे जास्त अश्वशक्तीचाही उपयोग होत नाही. रिकामी जाणारी बोट पाण्यावर चढून धावते. तीच दहा माणसं घेऊन परतताना पाणी ढकलत रांगते, आणि हे दोन वेग चालकाला आधीच हिशेबात धरावे लागतात.

शिवाय यंत्राची स्वतःची खोड आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण जातं. सहा महिने न वापरलेलं मिश्रण कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. थंडावा देणारं पाणी ओढणारी रबरी पंखी घाटाखालच्या काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात झिजते. वर्षातून एकदा, तालमीपुरतं चालू होणारं इंजिन गरजेच्या रात्री हमखास रुसणार.

यावरचा उपाय कुळाच्या इतिहासातच आहे. इंजिन हलकं झालं, उचलता येऊ लागलं, चालकाला जोडलेली दोरी आली, तळाचा आकार बदलला, यातलं पुष्कळसं दर हंगामाला कोणीतरी कोणाला तरी हरवायला निघालं म्हणून झालं. बुलढाण्याला पाणी आहे. येळगाव, पेनटाकळी, नळगंगा, खडकपूर्णा यांच्या जलाशयांत दर हिवाळ्यात तालुक्यातालुक्याच्या पथकांची शर्यत का लावू नये? धरणातलं पाणी नदीसारखं ओढत नाही. त्यामुळे प्रवाहाचा सराव पुरेसा होणार नाही, हे खरं. पण बोट फुगवून इंजिन चढवायला किती वेळ, कितव्या हिसक्याला चालू, पाण्यातला पुतळा पंख्यापासून दूर ठेवून किती वेळात उचलला, पूर्ण भार घेऊन वळण कसं घेतलं, मनगटाला दोरी बांधली होती की नाही, या सगळ्याचे गुण मोजता येतात. दोरी विसरणारं पथक तिथेच बाद करावं. बैलगाड्यांच्या शंकरपटाला जमणारी गर्दी याही काठावर जमेल. पथकात भोई-कहारांची पाणी ओळखणारी पोरं घ्यावीत, जिंकणाऱ्या तालुक्याला बक्षीस म्हणून नवा पंखा आणि सुटे भाग द्यावेत. जुलैत सातपुडा कोसळेल तेव्हा संग्रामपूरला पोचणाऱ्या बोटीचं इंजिन मग जानेवारीतही चाललेलं असेल, आणि ते चालवणाऱ्याचा हातही.