इमिप्रामीन

विषादविकारावरील त्रिवलयी वर्गातील आद्य औषध. स्वित्झर्लंडमधील म्यून्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांट कून यांनी गायगी कंपनीचे हे द्रव्य प्रथम छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर योजिले. तेथे ते निष्प्रभ ठरले, परंतु विषण्ण रुग्णांची मनःस्थिती त्याने पालटते असे आढळल्यावर त्यांनी आपली निरीक्षणे १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. तंत्रिकांच्या संधिस्थानी स्रवलेल्या नॉरएपिनेफ्रिन व सेरोटोनिन या द्रव्यांचे पुनर्ग्रहण रोखून ते कार्य करते. मात्र गुण येण्यास साधारणतः २ ते ४ आठवडे लागतात. बालकांच्या शय्यामूत्रतेवरही ते देतात.

मुखशोष, बद्धकोष्ठ, धूसर दृष्टी, मूत्रावरोध, अतिस्वेद आणि उठून उभे राहताना रक्तदाब उतरून येणारी भोवळ हे त्याचे नेहमीचे उपद्रव होत. म्हणून काचबिंदू, अष्ठीलावृद्धी वा हृद्विकार असलेल्यांच्या बाबतीत विशेष खबरदारी घ्यावी लागते. मोनोअमाइन-ऑक्सिडेजरोधक औषधांसमवेत ते सर्वथा वर्ज्य आहे. अतिमात्रेने हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, आणि तरुण रुग्णांत प्रारंभीच्या काळी आत्मघाताचे विचार बळावण्याचा संभव असल्याने त्यांच्यावर सक्त देखरेख ठेवणे जरूर असते. औषध एकाएकी न थांबविता वैद्यकीय सल्ल्याने मात्रा क्रमशः उतरवितात.